इंजिनाच्या वाळूतला केक

“मॅडम, आपका जन्मदिन कब आता है?”

हा प्रश्न सोमवारी तिसऱ्या तासाला जयपूरच्या एका मुलींच्या शाळेत, नववी ‘ब’च्या वर्गात विचारला गेला आणि त्यानंतर अशी शांतता पसरली, की बाहेर कडुनिंबात अडकलेल्या संक्रांतीच्या पतंगाची फडफडसुद्धा ऐकू येऊ लागली. गणिताच्या माथुर मॅडमना वाढदिवस असतो, म्हणजे त्या कधीतरी जन्मल्या होत्या, हे आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वर्गाचा समज असा होता की शाळा बांधताना फळा आणि मॅडम एकदमच बसवले गेले.

प्रश्न विचारणारी होती मधुमती. दिवाळीपर्यंत ही मुलगी तिसऱ्या बाकावर वहीत तोंड घालून बसायची. दिवाळीनंतर एकदा प्रार्थनेच्या वेळी तिला सुविचार वाचायला लावला, आणि आपला आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो हा शोध तिला लागला. तेव्हापासून तो आवाज घरी ठेवून शाळेत येणं तिला जमेना. हे ओळखूनच सरोजने त्या दिवशी सकाळी डिवचलं होतं, “इतनी ही बहादुर है तो माथुर मॅडम से जनमदिन पूछ के दिखा!”

दाखवलं. आता पुढे काय होतं ते बघायला अडतीस मुली श्वास रोखून बसल्या होत्या.

मॅडमनी खडू खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“शनिवार को,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “क्यों? केक बनाकर लाओगी?”

हा टोमणा होता हे कुणालाही कळलं असतं. पण मधुमती तेव्हा वर्गात नव्हतीच. ‘केक’ हा शब्द ऐकल्याबरोबर ती वर कुठेतरी तरंगायला लागली होती. तिला दिसत होता एक गोल, सोनेरी, आमेरच्या किल्ल्यातल्या घुमटासारखा फुगलेला केक, त्याच्या भोवती वाफ, वाफेतून येणाऱ्या माथुर मॅडम आणि चक्क हसताना दिसणारे त्यांचे दात. आणि त्या उंचीवरूनच तिने उत्तर दिलं, “जी मॅडम. लाऊँगी.”

जमिनीवर परत आली तेव्हा तास संपला होता आणि सरोज कानात सांगत होती, “मर गई तू.”

कारण मधुमतीने आयुष्यात केलेला सगळ्यात अवघड पदार्थ म्हणजे लिंबाचं सरबत.

*

रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये ओव्हन नव्हता, हे वेगळं सांगायला नको. कोळशाची सिगडी होती, एक फुरफुरणारा स्टोव्ह होता, आणि आई होती. आईने, म्हणजे आनंदीबाईंनी, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि अकोल्याच्या ठसक्यात विचारलं, “काहून वो माय? त्या बाईला माहेर नाही का, केक खायाले?”

“आई, मी शब्द दिलाय.”

“शब्द दिला तर शब्दच ने डब्यात.”

पण आनंदीबाईंचं असं होतं की त्या आधी नाही म्हणत आणि मग पदर खोचत. संध्याकाळी त्या स्वतःच शेजारच्या भीमाबाईंकडे गेल्या, कारण भीमाबाईंकडे जुने दिवाळी अंक होते आणि त्यातल्या एकात केकची कृती होती, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. ती कृती कुणी कधी केली नव्हती. पण गल्लीत एखादं बंद देऊळ असावं तसा तिचा आधार वाटायचा.

अंक मिळाला. कृतीही मिळाली. फक्त पानाचा खालचा अर्धा भाग भीमाबाईंनी मागच्या उन्हाळ्यात तिखटाच्या डब्यात तळाला घातला होता. उरलेल्या अर्ध्यात साहित्य होतं, फेटायचं कसं ते होतं, “ओव्हन नसल्यास मोठ्या पातेल्यात कोरडी वाळू तापवून तीत डबा ठेवावा” असंही होतं, आणि शेवटची ओळ होती: “झाकण मुळीच न उघडता—”

पुढे फाटलेलं.

“न उघडता काय?” मधुमतीने विचारलं.

“न उघडता थांबायचं असंल,” भीमाबाई म्हणाल्या.

“पण किती वेळ?”

“आता ते मी कसं सांगू? पुढचं समदं तिखटाच्या पोटात!” आणि आपल्याच विनोदावर त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या गुर्जर आंटी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्षणात प्रश्न निकालात काढला. “अरे, बाटी जैसे कंडों में दबा दे! घी में डुबो के देना, मॅडम सब हिसाब-किताब भूल जाएगी.” शेणीच्या निखाऱ्यात पुरलेल्या केकच्या कल्पनेने मधुमतीच्या घुमटाला पहिला तडा गेला.

कृतीत तीन अंडी होती. मॅडम अंडी खातात का, हे विचारणं भाग होतं. पण एका आठवड्यात मॅडमना दोन प्रश्न विचारण्याइतकी बहादुरी अजून तिच्यात उगवली नव्हती. अंड्यांच्या जागी दही घालायचं ठरलं. कुणी ठरवलं ते पुढे कुणीच कबूल केलं नाही.

राहिली वाळू. राजस्थानात वाळूची काय कमतरता! मंगळवारी शाळेतून आल्यावर मधुमती बादली घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेली आणि वाळू भरताना स्वप्नात रमली. कधीकाळी इथे समुद्र होता म्हणतात. त्या समुद्रातल्या माशांना काय माहीत असणार, की आपल्या तळावर एक दिवस केक भाजला जाईल! अशा विचारात बादली भरली. घरी आणून आईने ती वर्तमानपत्रावर ओतली, तेव्हा वाळूपेक्षा बकऱ्यांच्या लेंड्याच जास्त निघाल्या. समुद्राचा विचार तिथेच आटला.

“दुसरीकडून आणते ना.”

“आण की. इथं दुसरं हायेच काय?”

दुसरीकडची वाळू ओलसर निघाली. तिसरीकडची विटांच्या भुग्याने लाल होती, ती तापवल्यावर पातेल्यातून भट्टीसारखा वास आला आणि भीमाबाई खिडकीतून ओरडल्या, “काय घर बांधतंय का कोनी?” बुधवार मावळला. ज्या राज्यात वाळूची वादळं होतात, तिथे एका सज्जन कुटुंबाला दोन बादल्या धड वाळू मिळू नये, याला काय म्हणावं!

*

यावर उपाय सुचवला ज्ञानोबा ड्रायव्हरांनी. ज्ञानोबा परभणीकडचे; वाफेच्या इंजिनावर तीस वर्षं काढलेले. भीमाबाईंच्या पतीकडे चहाला आले होते, ते मधुमतीचं रडवेलं तोंड पाहून इकडे वळले.

“लेकरा, वाळू पायजे ना? मग रस्त्यावरची कशाला? आमच्या इंजिनाची घे की.”

आणि त्यांनी समजावून सांगितलं. चढावर इंजिनाची चाकं घसरायला लागली, की ड्रायव्हर नळीतून चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो, मग चाक धरतं. ही वाळू ओली असून चालत नाही, जाडी असून चालत नाही. म्हणून लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या तळावर, ती भट्टीवर भाजून, चाळून ठेवतात. “नवरीच्या हळदीवानी मऊ वाळू. सगळ्या जैपुरात तशी नाही सापडायची. आन् तुझा बाप तर शेडच्याच ऑफिसात.”

इथेच खरी अडचण होती. बाप शेडच्याच ऑफिसात होता.

जनार्दनराव म्हणजे असा माणूस, की ऑफिसची टाचणी चुकून शर्टाला लागून घरी आली तर दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून परत नेत. त्या टाचणीचा प्रवास भाजी आणण्याहून महत्त्वाचा असे. त्याच संध्याकाळी ते घरी आल्यावर मधुमतीने विषय काढला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“सरकारी रेती?”

“दोनच बादल्या, बाबा.”

“दोन बादल्यांनी गाडी घसरते, मधू. चढावर ऐन वेळी रेती कमी पडली तर?”

मधुमतीच्या डोळ्यांपुढे तत्क्षणी ती गाडी उभी राहिली: डोंगरावर अडकलेली, खिडक्यांतून माना बाहेर काढलेले प्रवासी, आणि सगळे एकसुरात विचारताहेत, केक कुणी केला? तिने विषय सोडला. पण तिचा चेहरा असा काही पडला की रात्री जेवताना जनार्दनराव आपणहून म्हणाले, “रीतसर अर्ज केला तर बघता येईल.”

मग त्यांनी अर्ज केला. स्वतःच्याच ऑफिसला, स्वतःच्याच टेबलावर बसून, ‘सविनय निवेदन’ने सुरू होणारा. गुरुवारी सकाळी त्यांनी तो फोरमन उत्तमरावांपुढे ठेवला. उत्तमराव साताऱ्याकडचे, मोठ्या मिशांचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“जनार्दनराव, कारण लिहिलं नाहीत.”

“साहेब, कन्येचा केक.”

“तसं कसं लिहिणार? केक हा रेल्वेच्या कामात मोडत नाही.” मिशी कुरवाळून उत्तमराव विचारात पडले. अखेर कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: ‘उष्णताविषयक प्रयोग’. पुढचा प्रश्न आला, रेती खर्ची पडणार की परत येणार? खर्ची पडणार म्हटलं तर कागद वर अजमेरच्या मोठ्या ऑफिसला पाठवावा लागेल. परत येणार असेल तर उत्तमरावांच्या सहीवर भागेल. तेव्हा ‘दोन बादल्या, परतीच्या बोलीवर, सोमवारपर्यंत, आहे त्याच स्थितीत’ असा गेटपास तयार झाला. गेटवरच्या शिपायाने बादल्यांत हात घालून खाली आणखी काही लपवलंय का ते पाहिलं आणि त्याच्या हाताला रेतीखेरीज काहीच न लागल्याने तो जास्तच संशयाने पाहत राहिला.

जनार्दनराव दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन भर बाजारातून घरी आले. ओळखीच्या तिघांनी विचारलं, “बाबूजी, मकान बना रहे हो?” त्यांनी तिघांनाही गेटपास दाखवला.

*

शुक्रवारी संध्याकाळी केक घडला.

वाळू खरोखर देखणी होती. पातेल्यात ओतली तेव्हा पाण्यासारखी पसरली. सिगडीवर तापत ठेवली; मधुमतीने दही, साखर, मैदा, रवा, लोणी हात दुखेपर्यंत फेटलं; आईने सोडा घातला आणि “थोडा अजून” म्हणून भीमाबाईंनीही घातला. पितळी डबा वाळूत बसला. आता फक्त झाकण ठेवायचं आणि मुळीच न उघडता थांबायचं. किती वेळ, ते मात्र तिखटाच्या डब्यालाच ठाऊक होतं.

“किती म्हणजे? पाऊण घंटा,” ज्ञानोबांनी ओसरीतून निकाल दिला. “भाकरीपरीस जास्त, मटणापरीस कमी.”

पण पाऊण तास मोजायचा कशावर? घड्याळ होतं जनार्दनरावांच्या मनगटावर, आणि ते होते ऑफिसात. तशी कॉलनीत घड्याळाची गरज कुणाला पडत नसे. दूध अजमेरच्या गाडीला तापायचं, मुलं रेवाडीच्या गाडीला उठायची. ज्ञानोबा म्हणाले, “सवाई माधोपूरची पॅसेंजर सुटली की ठेव. रींगसची गाडी आत आली की काढ. मधे पाऊण घंटाच असतो, टाइम टेबलात बघ.”

पॅसेंजरची शिट्टी झाली. झाकण बसलं. झाकणावर वरवंटा बसला. मधुमती पातेल्यापुढे पाटावर बसली.

आणि तिला ते पातेलं दिसेनासं झालं. झाकणाच्या आत एक पृथ्वी फिरत होती; खाली वाळवंट, मधे एक हळूहळू वर येणारा डोंगर, डोंगरावर सोन्याची साय. पॅसेंजरचा आवाज विरत विरत दुर्गापुऱ्याकडे गेला आणि त्याबरोबर तीही गेली. तिने एक दुकान पाहिलं, काचेचं कपाट असलेलं. दुकानाच्या पाटीवर आपलं नाव. माथुर मॅडम रांगेत उभ्या, आणि ती म्हणतेय, “मॅडम, आप लाइन में क्यों? आइए ना अंदर.” सरोज कपबशा विसळतेय. मागच्या बाजूला बाबा दोन बादल्यांजवळ गेटपास घेऊन बसलेत. किती छान, किती संथ दुपार त्या दुकानात...

“मधे, काही जळतंय का गं?” आईने विचारलं.

“गाडी आली नाही ना अजून,” मधुमती दुकानातूनच म्हणाली.

हे अकाट्य होतं. आनंदीबाई म्हणजे रेल्वेवाल्याची बायको. गाडी आली नाही म्हणजे वेळ झाली नाही. भीमाबाईंनाही वास आला, पण त्यांनी तो गुर्जर आंटींच्या घरावर ढकलला. असा बराच काळ गेला. मग सायकलवरून कुणीतरी ओरडत गेलं, की फाटकावर उंटगाडी अडकली आहे, उंट बसलाय आणि उठत नाही, पलीकडे रींगसची गाडी कधीची उभी आहे.

उंट! एका उंटाला बसावंसं वाटतं, तेही फाटकात, तेही शुक्रवारी!

वरवंटा धाडकन खाली आला, झाकण उडालं. केक फुगला होता, हे कबूल केलं पाहिजे. इतका फुगला होता की वरून तडकला होता. खालून मात्र तो डब्याशी एकजीव झाला होता. सुरीने खरवडून, उलथून, पाठीवर थापट्या मारून तो बाहेर काढला, तेव्हा तळ तव्यासारखा काळा निघाला. तेवढंही चाललं असतं. पण वाळू शेडच्या भट्टीवर कोळशाच्या धुरात भाजलेली होती, तापल्यावर तिने तो सगळा धूर केकच्या स्वाधीन केला होता. आईने केकजवळ नाक नेलं.

“कसा येतो वास?” मधुमतीने विचारलं.

“सांगू? प्लॅटफॉर्म नंबर तीन.”

मधुमती ओसरीत जाऊन बसली. केक जळला याचं नव्हतं वाईट वाटत. अडतीस मुलींपुढे आपण ‘लाऊँगी’ म्हणालो होतो. आता नेला तर हसणार, न नेला तर पुन्हा तिसऱ्या बाकावर, वहीत तोंड. तो आवाज, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा, उद्या कुठे ठेवायचा?

*

शनिवारी केक शाळेत गेला. पण दप्तरात, टॉवेलमध्ये, भूगोलाच्या पुस्तकाखाली. मधुमतीने ठरवलं होतं, मॅडमनी विचारलं नाही तर आपण बोलायचं नाही. मॅडमना काय, टोमणा मारून त्या विसरल्याही असतील.

“लाई?” सरोजने विचारलं.

“श्श.”

“इंजन की बदबू कहाँ से आ रही है?”

“स्टेशन पास है ना,” मधुमती म्हणाली.

मॅडम आल्या. हजेरी घेतली, एक मुलगी गैरहजर. फळ्यावर वर्तुळ काढलं. अर्धा तास त्या वर्तुळाबद्दल बोलत राहिल्या आणि एकदाही तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही. मधुमतीला हायसं वाटायला लागलं होतं. तास संपायला थोडाच वेळ उरला असताना मॅडम खुर्चीत बसल्या, टेबलावरची पर्स उघडली आणि काहीतरी शोधू लागल्या. त्यांच्या हातात आला एक इस्त्रीचा रुमाल. तो त्यांनी उलगडला. आत सुरी होती.

मॅडमनी सुरी टेबलावर ठेवली, नीट, काठाशी समांतर. आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

त्या घरून सुरी घेऊन आल्या होत्या!

मधुमती कधी उठली तिला कळलं नाही. टॉवेलमधला केक तिने टेबलावर ठेवला, आणि तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत सोडाच, पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. “मॅडम, नीचे से जल गया है. ऊंट बैठ गया था.”

वर्ग फुटला. सरोज बाकाखाली गेली. मॅडमनी मात्र हात वर केला तशी पुन्हा शांतता झाली. त्यांनी केकवर नाक नेलं आणि तशाच वाकून राहिल्या. मग पुन्हा एकदा वास घेतला.

“यह महक,” त्या अखेर म्हणाल्या, “लोको शेड की है?”

“जी, रेत वहीं की है. मगर गेटपास है!”

“बांदीकुई,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते वर्तुळाबद्दल नव्हतं. त्यांचे वडील बांदीकुईला इंजिन ड्रायव्हर होते. ड्यूटीवरून यायचे तेव्हा रुमालात काहीतरी खाऊ असायचा, कधी पेरू, कधी बालूशाही, आणि ते काही का असेना, त्याला हाच वास असायचा. लहानपणी त्यांना वाटायचं की गोड पदार्थाचा वास असाच असतो. “फिर दुकान की मिठाई खाई,” मॅडम म्हणाल्या, “तो लगा, कुछ कमी है.”

एवढं बोलून त्या पुन्हा माथुर मॅडम झाल्या. एकोणचाळीस मुली आणि त्या स्वतः, एकूण चाळीस. तीनशे साठ भागिले चाळीस. त्यांनी फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक केकवर धरला आणि एकेकीला नऊ अंश केक कापून दिला. तो तुकडा इतका पातळ होता की उभा धरला तर दिसायचा, आडवा झाला की नाहीसा व्हायचा. सगळ्या मुलींनी तो खाल्ला, सरोजनेही, आणि कुणी काही बोललं नाही, कारण मॅडम डोळे मिटून खात होत्या. गैरहजर मुलीचे नऊ अंश टेबलावर उरले. मॅडमनी ते इकडेतिकडे पाहून उचलले. जळक्या तळासकट.

घंटा झाली. सुरी पुसून रुमालात गुंडाळताना त्या हलकेच म्हणाल्या, “मधुमती, अगली बार ऊंट मत बिठाना. पर रेत मत बदलना.”

*

रविवारी संध्याकाळी जनार्दनराव अंगणात पथारीवर वाळू पसरून बसले होते. उद्या सोमवार, रेती ‘आहे त्याच स्थितीत’ परत करायची होती. तीत रव्याचे तीन कण सापडले होते, आणखी असावेत असा त्यांना संशय होता. आई चाळणी धरून होती. रींगसची गाडी आज वेळेवर शिट्टी देत आत आली.

मधुमती दारात उभी राहिली. तिच्या हातात फुलस्केप कागद होता.

“बाबा, चाळू नका. वाळू परत जाणार नाही.”

आईची चाळणी थांबली. “काय म्हनाली?”

“मॅडमचा वाढदिवस पुन्हा पुढच्या जानेवारीत येणार. तोपर्यंत मी दर शनिवारी केक करणार आहे, याच वाळूत, म्हणजे पुढच्या वेळी तो खालून जळणार नाही. माझं ठरलंय.” तिचा आवाज भीमाबाईंच्या, गुर्जर आंटींच्या आणि बहुधा उत्तमरावांच्याही घरापर्यंत गेला. तिने कागद वडिलांपुढे धरला. “मुदतवाढीचा अर्ज मी लिहिलाय, ‘सविनय निवेदन’पासून. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलंय. तुम्ही फक्त उद्या तो साहेबांपुढे ठेवा, आणि येताना तुमचं घड्याळ दर शनिवारी घरी राहील, त्याचीही परवानगी घेऊन या.”